खुर्ची मीच आणली होती

नात घरी आली की आधी चपला काढते, मग खांद्यावरची पिशवी टाकते आणि मग जगाशी भांडायला बसते. यंदा एप्रिलात आली तेव्हा मी गॅलरीत पापड वाळत घालत होते. विकतचे मिळतात, मला माहीत आहे. पण पाकिटातले सगळे पापड एकासारखे एक असतात, मला त्याचाच कंटाळा येतो. गुडघे वाकत नाहीत म्हणून आता टेबलावर पोळपाट ठेवते आणि एक किलोचेच करते.

"आजी, मला लोक एलिट म्हणतात," ती म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे मोठ्या घरची. वरून बोलणारी."

ती शहराबाहेर, मिहानकडे कुठल्याशा ऑफिसात कामाला आहे. सुटीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर वस्त्यांमध्ये जाते. बायकांचे हक्क, मुलींची शाळा, सगळे माणूस म्हणून सारखे, अशा गोष्टी सांगते. कुणाचं वाईट चिंतत नाही. तरी फोनवर कुणीतरी तिला नको नको ते लिहिलं होतं.

"तू विणकराच्या घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरायचीस. मी कुठून आले एलिट?"

मला हसू आलं आणि तिला राग आला. मी तिच्यावर हसत नव्हते. ओल्या उडदाचा आणि हिंगाचा वास नाकात होता, आणि त्या वासातून मला पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रमिलाताई दिसत होत्या. पांढऱ्या सुती साडीतल्या, मांडीवर थर्मास घेऊन खुर्चीवर बसलेल्या.

नागपूरच्या उन्हाळ्याला सगळे नावं ठेवतात. मी ठेवत नाही. वर्षातले तेच दोन महिने आम्हा बायकांना एकमेकींच्या घरी दिवसभर बसायला मिळायचं, आणि कुणी विचारायचं नाही की काय करता. गांधीबागेच्या मागच्या अंगाला आमची विणकरांची गल्ली होती. एका बाजूला चौदा घरं, दुसऱ्या बाजूला तेरा. सकाळी सहाला माग सुरू झाले की गल्लीचा आवाज संध्याकाळपर्यंत थांबत नसे. पाहुणे म्हणत, डोकं उठतं. आम्हाला माग थांबले की झोप उडायची.

एप्रिल लागला की गल्लीत वार ठरत. सोमवार गिरजाचा, मंगळवार माझा, बुधवार आणखी कुणाचा. ज्या घरचा वार त्या घरी सगळ्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. पीठ आदल्या संध्याकाळी भिजवलेलं. मिरं, हिंग, पापडखार. सकाळी ते तेलाचा हात लावून उखळात कुटायचं, दोघींनी आळीपाळीनं. मग त्याची लांब वळी करायची आणि दोऱ्यानं कापून लाट्या पाडायच्या. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं हातात. दोरा आमच्या गल्लीत कमी नव्हता.

पापडाच्या दिवशी एकच नियम होता. जी येईल तिनं आधी एक लाटी खायची, तेलात बुडवून. कच्चं पीठच ते, जिभेला चरचरणारं. पण लाटी खाल्ल्याशिवाय लाटणं हातात घ्यायचं नाही आणि लाटी खाल्ल्याशिवाय परत जायला उंबरठा ओलांडायचा नाही. गिरजाची सासू एकदा रुसून लाटी न खाता गेली होती, तर चार वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं. लाटी खाल्ली म्हणजे मी तुमची, आणि तुम्ही माझ्या. याहून जास्त कायदा आमच्या गल्लीत नव्हता.

पापड घरात वाळायचे, सावलीत, खाटेवर जुनं लुगडं पसरून. उडदाचा पापड एकदम उन्हात टाकला की चिरतो. कुरड्यांना मात्र कडक ऊन. बारा वाजता पाय भाजत असताना आम्ही कुरड्यांवरचे कावळे हाकलायला धावायचो आणि कोण जास्त उड्या मारत धावली यावर दिवसभर हसायचो.

आता पाण्याचं सांगते, कारण गोष्ट सगळी त्याचीच आहे.

आमच्या गल्लीत नळ नव्हता. पलीकडच्या गल्लीत होता आणि तो सकाळी सहा ते आठ यायचा. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं पाण्यानं नेलं. माहेरी विहीर होती, तिथं मोठ्या मुलीनं उभं राहायचं असायचं, आणि मोठी मी होते. मी रडले नव्हते. रडायला वेळ लागतो. पण माझी सुशी चौथी पास झाली त्या उन्हाळ्यात मला रात्रंदिवस एकच गणित दिसत होतं. पाचवीची शाळा दूर होती आणि सकाळी सातची होती. सकाळी मी कांड्या भरून दिल्या नाहीत तर मालकांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, माग थांबे. म्हणजे एकीनं कांड्यांवर आणि एकीनं नळावर. मालक वाईट नव्हते, पण सरळ म्हणाले, "चार झाली ना? तुह्याएवढी झाली. पुरे." तुझ्याएवढी झाली, हे ऐकून मला जेवण गेलं नाही.

प्रमिलाताई याच उन्हाळ्यात आमच्याकडे यायला लागल्या. धरमपेठेत राहायच्या, कॉलेजात शिकवायच्या. वडील वकील, नवरा डॉक्टर. त्या स्वतःला पुरोगामी म्हणायच्या. गिरजानं विचारलं, पुरोगामी म्हणजे कोणत्या गावच्या. ताई हसल्या आणि समजावून सांगायला लागल्या, आणि पाऊण तास समजावत राहिल्या. ताईंची तीच खोड होती. त्यांना प्रश्न विचारला की उत्तर मिळायचं, आणि उत्तराचं उत्तर पण मिळायचं. स्त्रियांच्या श्रमाचं मूल्य, सामाजिक न्याय, असं त्या बोलत. आम्ही माना डोलवायचो. पण एकदा त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलींची सकाळ पाण्यात जाते आणि मग सगळा जन्म पाण्यात जातो." ते मला समजलं. ते माझ्या घरातलं होतं. गल्लीत नळ यावा म्हणून अर्ज करायचा, घरटी एकेक सही किंवा अंगठा घ्यायचा, असं त्यांनी काढलं. पाण्याच्या ऑफिसात त्या स्वतः चारदा जाऊन आल्या होत्या. जूनच्या आधी अर्ज आला तर होईल, नाहीतर पुढल्या वर्षी, असं तिथल्या बाबूनं सांगितलं होतं.

दुसऱ्या बाजूला आमचे अण्णाजी. वॉर्डाचे पुढारी. तीन मजली घर, जीपगाडी, बोटांत अंगठ्या. पण गल्लीत आले की धोतर आवरून ओट्यावर फतकल घालायचे.

"काय वं बायांनो, एकट्याच खाऊन राहिल्या? मले नाही विचारलं?"

"पापडाच्या घरी बाप्याचं काय काम, अण्णाजी?"

"मी बाप्या नाही वं, मी तुमचा भाऊ हावो. आण इकडं लाटी."

एका बैठकीत सात लाट्या खाल्लेल्या मी मोजल्या आहेत. सगळ्यांच्या मुलांची नावं पाठ. नळाचं विचारलं की म्हणायचे, होऊन जाईन. तीन वर्षं होऊन जाईन. आमच्या लाट्या खाल्ल्या आणि वर तीन उन्हाळेही खाल्ले. पण माणूस आमचा. गल्लीत कुणालाही विचारा.

माझ्या वाराच्या दिवशी ताई अर्ज घेऊन आल्या. अकरा वाजले होते, ऊन तापलं होतं. मी विचार केला, शिकलेली बाई, जमिनीवर कशी बसेल, पांढरी साडी पिठात मळेल. म्हणून मी चौकातल्या शिंप्याच्या दुकानातून खुर्ची मागून आणली. लोखंडी, घडीची. डोक्यावर घेऊन आले. पुसून ठेवली. ताई म्हणाल्या, "अहो कशाला?" मी म्हटलं, बसा. त्या बसल्या.

आता चित्र बघा. आम्ही नऊ जणी खाली, गुडघे दुमडून, हात तेलाचे. मधोमध खुर्चीवर एक बाई, हातात कागद. तिला बोलायला खाली बघावं लागणार आणि आम्हाला ऐकायला वर.

मी लाटी पुढे केली, वाटीत तेल घालून. ताई हात जोडून म्हणाल्या, "नको शेवंताबाई, माझ्यासाठी काही करू नका. तुम्ही कामं करा." मी दुसऱ्यांदा दिली. त्या म्हणाल्या, "खरंच नको." मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी थर्मास दाखवला. "माझं मी आणलंय."

लाटणी थांबली. सगळीच.

ताईंना कळलं नाही. त्यांनी अर्ज वाचून दाखवला. अक्षर मोत्यासारखं होतं, पण 'नागरी सुविधांचे विषम वितरण' म्हणजे आमचा नळ, हे कुणाला उमगणार? तिघींनी सह्या केल्या, त्यातली एक मी. बाकीच्या म्हणाल्या, घरच्यांना विचारतो. ताई गेल्या. वळणापर्यंत पोचल्या नसतील तोच गिरजा म्हणाली, "काहून वं शेवंता, तुही लाटी तिले कडू लागली का?"

"पोटाले नसन चालत," कुणीतरी म्हणालं.

"पोटाले नाही चालत का हाताले नाही चालत? पाणी तं थर्मासातलं पेऊन राहिली होती. सगळे सारखे म्हणते ना वं ते? सारखे असू तं पी ना मग आमच्या पेल्यानं."

माझ्या वाराचा, माझ्या घरचा अपमान झाला होता. माझं तोंड लहानपणापासून मोकाट. मी म्हटलं, "जाऊ दे वं, खुर्चीवाली बाई हाये ते. खाली उतरली तं चक्कर येईन तिले."

सगळ्या एवढ्या हसल्या की एकीचा पापड फाटला. संध्याकाळपर्यंत ते नाव गल्लीभर झालं. दुसऱ्या दिवशी अण्णाजींपर्यंत पोचलं. ते तर खूषच झाले. "खुर्चीवालीच बाई हाये ते," ओट्यावर बसून म्हणाले, "कूलरात बसून गरिबाचा कळवळा. आज नळ म्हणते, उद्या तुमच्या पोरी शिकवून तुमच्या डोक्यावर बसवन." आणि लाटी मागितली.

अर्जावर तीन सह्यांच्या चार झाल्या नाहीत. आठ दिवस गेले. मे अर्धा सरला. मालकांनी सुशीला सांगितलं, शाळेचं दप्तर धाकटीसाठी माळ्यावर ठेव. सुशीनं दप्तर धुतलं आणि कुरड्यांच्या शेजारी वाळत घातलं. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. गल्लीतल्या बायकांना ताईंच्या अर्जापासून कुणी तोडलं? अण्णाजींनी नाही. मी. खुर्ची माझी, नाव माझं, आणि पोरगीही माझीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धरमपेठेत गेले. सीताबर्डीपर्यंत बस मिळाली, पुढे पायी. डांबर पायाला चिकटत होतं. घर सापडेपर्यंत जीभ टाळ्याला लागली. ताईंनी दार उघडलं आणि आतून वाळ्याच्या ताटीचा गार वास आला. मी मोठमोठी घरं पाहिली नव्हती असं नाही, पण त्या वासानं मी एकदम लहान झाले. ताईंनी खुर्चीवर बसवलं. मी खुर्चीच्या काठावर बसले, चोरासारखी. त्यांनी काचेच्या पेल्यात पाणी आणलं, मागून पन्हं.

"नको," मी म्हटलं, "घरून पिऊन आली."

खोटं. ओठ फाटले होते, ते त्यांना दिसत होते. पण मला वाटलं, ही म्हणेल, पन्ह्यासाठी आली. गरजवंत दिसायचं नव्हतं. ताईंनी दुसऱ्यांदा पेला पुढे केला. मी म्हटलं, "खरंच नको." आणि त्यांचा चेहरा पडला. असा पडला की मला तो ओळखीचा वाटला. आठ दिवसांपूर्वी माझ्या घरात, हातात तेलाची वाटी घेऊन उभी असताना माझा असाच पडला असणार.

मी पेला उचलला आणि एका दमात संपवला. मग पन्हं. मग आणखी एक पेला पाणी.

"ताई, तुम्ही आमची लाटी काहून नाही खाल्ली?"

त्यांना आधी आठवेचना. मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही एवढ्या कष्टानं करता. मी आयतं कशी खाऊ? आणि पाणी तर तुम्ही पलीकडून डोक्यावर आणता. तुमच्या पेल्यातलं पाणी प्यायची मला लाज वाटली."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. एवढी शिकलेली बाई. मनात एवढं चांगलं. आणि आम्हाला वाटलं, विटाळ मानते.

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही आमचं काही घेत नाही. मग तुमचं आम्ही कसं घ्यायचं? अण्णाजी आमच्या सात लाट्या खातो. त्याच्यापाशी आमचं काहीतरी हाये असं वाटते. तुमच्यापाशी आमचं काहीच नाही."

ताईंनी या वेळी उत्तर दिलं नाही, उत्तराचं उत्तरही नाही. मी त्यांना ओळखत होते त्यात तेवढी पहिलीच वेळ. मग म्हणाल्या, "खुर्चीवरून पण काहीतरी नाव पडलंय ना माझं? कानावर आलंय."

"पडलं. मीच पाडलं."

"आणि खुर्ची आणली कुणी होती?"

"ते पण मीच."

तेव्हा त्या अशा हसल्या की आतून मोलकरीण बघायला आली.

पुढचा सोमवार गिरजाचा. ताई वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लाटणं घेऊन आल्या. थर्मास नव्हता. गिरजानं बघितलं आणि मुद्दाम म्हणाली, "शेवंता, खुर्ची आण वं." ताई म्हणाल्या, "आणा, माझी पिशवी ठेवायला बरी पडेल," आणि खाली बसल्या. बसताना गुडघा कट्कन वाजला. गिरजानं लाटी दिली, तेल जरा जास्तच घालून, परीक्षा म्हणून. ताईंनी तोंडात टाकली आणि मिऱ्यानं ठसका लागला, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. "पाणी द्या," त्या कशाबशा म्हणाल्या.

गिरजानं दिलं. पूर्ण पेला. आणि सगळ्या जणी लाटणं धरून बघत राहिल्या, एक बाई आमचं पाणी कसं पिते ते.

त्यांचे पापड मात्र वाईट होते. कडेला पातळ, मधे चपातीएवढे जाड. गिरजा म्हणाली, "ताई, कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटते." ताई म्हणाल्या, "शिकवत असते तर मी नापास असते." दुपारी चारपर्यंत अर्जावर सत्तावीस घरांच्या सह्या आणि अंगठे झाले. अंगठ्याला शाई शोधावी लागली नाही, ताईंनी आणली होती. पण हात तेलाचे, म्हणून कागदावर जागोजाग डाग पडले. तो तसाच दिला.

नळ जुलैत आला. शाळा जूनच्या शेवटी सुरू झाली. मधले पंधरा-वीस दिवस गिरजा म्हणाली, "सुशीची बालटी माह्या बालटीमागं लावून दे. माह्ये हात तुटले नाही अजून." मालकांनी माळ्यावरचं दप्तर खाली काढून दिलं. शाळेच्या पहिल्या दिवशी घरात भाजी नव्हती. मी ताईंच्या हातचे पापड वेगळे ठेवले होते, ते दोन तळून सुशीच्या हातात दिले. ती खात खात गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, मग मागे वळून ओरडली, "मधे कच्चा हाये." मी म्हटलं, "खा तसाच."

हे सगळं मी नातीला सांगितलं. ती म्हणाली, "मग लोकांनी ताईंना डोक्यावर घेतलं असेल."

नाही घेतलं. खरं ते सांगते. नळावर नारळ अण्णाजींनी फोडला. ताई मागे उभ्या होत्या. दोन वर्षांनी ताई वॉर्डातून उभ्या राहिल्या आणि पडल्या. भाषणं केली, पत्रकं वाटली, पत्रकांत पुन्हा तेच अवघड शब्द. एका दिवशी लाटी खाल्ली म्हणून माणूस बदलत नाही, त्याही नाही बदलल्या आणि आम्हीही नाही. आमच्या गल्लीनं मत अण्णाजींना दिलं. नळाचं पाणी भरता भरता बायका म्हणायच्या, खुर्चीवाली बाई चांगली होती हो, पण आपली नाही. मी ते नाव परत घ्यायला पुष्कळ भांडले. तोंडातून गेलेलं नाव आणि उखळात गेलेलं पीठ, पहिल्यासारखं होत नाही. ताई पडल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आल्या, लाटी मागून खाल्ली, आणि "मतं मोजताना माझा पापड मधे कच्चा राहिला," म्हणाल्या.

"म्हणजे शेवटपर्यंत मोठ्या घरचीच," नात म्हणाली. "मग उपयोग काय झाला?"

"तुझी आई शाळेत गेली," मी म्हटलं.

बाहेर पापडांवर ऊन सरकत आलं होतं, नातीनं उठून खाट सावलीत ओढली, मी न सांगता. रविवारी ती पुन्हा कुठल्याशा वस्तीत जायला निघाली. पिशवीत कागद होते, फोन होता आणि थंड पाण्याची मोठी बाटली होती. मी बाटली काढून घेतली.

"आजी, बेचाळीस डिग्री आहे बाहेर."

"असू दे," मी म्हटलं. "तहान लागली तर तिथं माग."